वांचलेला वेळ कोणाचा?

“यंत्रानें वेळ वांचतो” हें वाक्य आमच्या सुशिक्षित समाजांत इतकें रूढ झालें आहे कीं, त्याची सत्यासत्यता एकदां तपासून पाहावी असें कोणास वाटतच नाहीं. ज्यानें या वाक्यावर शंका घेतली तो एक तर म्हातारा झाला असला पाहिजे, किंवा त्यास नवीं यंत्रें वापरतां येत नसलीं पाहिजेत, असा निकाल चटकन् लावला जातो. प्रस्तुत लेखकाचें वय पंचावन्न आहे, हें त्यास मान्य आहे. परंतु मोबाईल त्यास चांगला वापरतां येतो. किंबहुना तो वापरतां येतो म्हणूनच हा लेख लिहिणें त्यास भाग पडलें.

गेलीं सत्तावीस वर्षें मी बारामतीस राहतों आणि इंदापूरकडील एका महाविद्यालयांत शिकवितों. अंतर एका बाजूस सुमारें पन्नास किलोमीटर. काटेवाडी, सणसर, बेलवाडी, लासुर्णें, अंथुर्णें, निमगांव केतकी हीं गांवें मला आतां गल्लींतील घरांसारखीं परिचयाचीं झालीं आहेत. आषाढी वारींत तुकोबांची पालखी याच वाटेनें इंदापुरास जाते. काटेवाडीस मेंढ्यांचें व बेलवाडीस अश्वाचें रिंगण होतें, तेवढ्या दिवसांत आमच्या एस.टी.चा रस्ता बदलतो. उरलेल्या दिवसांत ती नेमानें धांवत असते, आणि तींत मी सकाळीं सव्वा तास व संध्याकाळीं सव्वा तास बसलेला असतों. वर्षाचे दोनशें दिवस धरले तरी हे पांचशें तास होतात. या पांचशें तासांचा मालक कोण, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पहिलीं पंधरा वर्षें त्या तासांचा मालक मी होतों. पिशवींत डबा, पाण्याची बाटली व एक पुस्तक, खिशाला पेन, मनगटावर वडिलांचें एच.एम.टी.चें, रोज किल्ली द्यावी लागणारें घड्याळ. एवढीच माझी यंत्रसामग्री. कंडक्टरजवळ तिकिटांची पेटी व चिमटा असे, आणि त्या चिमट्याच्या टिकटिकीवरून गाडींत गर्दी किती आहे हें मान वर न करतां कळे. ज्या बारामतींत मोरोपंतांनीं आयुष्याचा मोठा भाग काढला तेथून निघणाऱ्या गाडींतच ‘केकावली’चा बराच भाग मीं पाठ केला. उत्तरपत्रिका तपासल्या, सहकाऱ्यांशीं वाद घातले, झोंप काढली, आणि पुष्कळदां कांहींच न करतां खिडकीबाहेरचा ऊंस पाहत बसलों. यांतील कोणत्याही गोष्टीचा जाब मला कोणास द्यावा लागत नसे. गाडी स्टँडमधून हलली कीं ती पोंचेपर्यंत मी घरच्यांच्याही हातीं नसें आणि महाविद्यालयाच्याही.

आज तीच गाडी पाहावी. कंडक्टरजवळ यंत्र आहे व तिकिटाचे पैसे त्या यंत्रावरील चौकोनी खूण टिपून देतां येतात, ही सोय खरोखर चांगली आहे. सुट्या पैशांवरून होणारीं निम्मीं भांडणें तिनें मिटविलीं. प्रत्येकाच्या हातांत मोबाईल, कानांत गुंड्या, पिशवींत चार्जर व पॉवर बँक आहे. मनगटावरचें घड्याळसुद्धां आतां वेळ सांगण्यापुरतें राहिलें नसून निरोप आला कीं थरथरूं लागतें. हे सारे लोक करमणुकींत बुडाले आहेत असा जो समज आमचे वडीलधारे व वृत्तपत्रकार पसरवितात, तो निदान सकाळच्या गाडीपुरता चुकीचा आहे. माझ्या पुढच्या आसनावर बँकेंतील कारकून थकबाकीची यादी वरिष्ठांकडे पाठवीत असतो. त्याच्या शेजारी औद्योगिक वसाहतींतील सुपरवायझर दुसऱ्या पाळीचीं माणसें जुळवीत असतो. प्राथमिक शाळेंतील बाई कालच्या उपक्रमाचीं छायाचित्रें ॲपवर चढवीत असतात. आणि आम्ही प्राध्यापक मूल्यांकनासाठीं मागितलेले तक्ते भरीत असतों. सात वाजतां सुटणारी ही एस.टी. म्हणजे एक चालतें कार्यालयच झालें आहे. फरक इतकाच कीं, येथें केलेल्या कामास पगार नाहीं आणि बसण्याचें भाडें मात्र आपणच द्यावयाचें असतें.

“पण वेळ वांचला कीं नाहीं?” असें विचारणारास मी प्रामाणिकपणें सांगतों कीं, वांचला. विजेचें बिल भरण्यासाठीं रांगेंत उभें राहावें लागत नाहीं. बँकेच्या खेपा चुकतात. वृद्ध आईच्या तपासणीचा कागद क्षणांत डॉक्टरांपुढें पोंचतो. हे उपकार नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. हा वांचलेला वेळ गेला कोठें? तो माझ्या पदरीं पडला असता तर आज मीं पूर्वीपेक्षां अधिक वाचावयास हवें होतें, अधिक झोंपावयास हवें होतें, निदान मुलांशीं अधिक बोलावयास हवें होतें. यांपैकीं कांहींच झालेलें नाहीं, आणि मीं ज्यांना ज्यांना विचारलें त्यांचाही अनुभव निराळा नाहीं.

याचें कारण गूढ नाहीं. पूर्वी कार्यालयास एखादी माहिती हवी असली म्हणजे सूचना लिहावी लागे, ती टंकलिखित करवून घ्यावी लागे, आणि मग शिपाई सूचनावही काखेंत मारून वर्गावर्गांतून सह्या घेत फिरे. मागणें कष्टाचें होतें, म्हणून मागणी विचारानें होई. जी माहिती गेल्या महिन्यांत घेतली ती कपाटांत आहे काय, हें आधीं पाहिलें जाई. आतां मागणाराचे कष्ट संपले. व्हॉट्सॲपच्या गटावर एक ओळ टाकली कीं चाळीस माणसें कामास लागतात. ती ओळ लिहिण्यास अर्धें मिनिट लागतें. ती पुरी करण्यास प्रत्येकाचा अर्धा तास जातो, म्हणजे एका अर्ध्या मिनिटापोटीं वीस तास खर्चीं पडतात. हे वीस तास मागणाराच्या वहींत कोठेंच नोंदले जात नाहींत. ज्या वस्तूचा उपभोग एकानें घ्यावयाचा आणि मोल दुसऱ्यानें द्यावयाचें, तिची उधळपट्टी होणारच. त्यासाठीं मागणारा दुष्ट असण्याची गरज नाहीं. म्हणून “यंत्रानें वेळ वांचतो” हें वाक्य खोटें नसून अपुरें आहे. वेळ वांचला तो मागणाराचा, आणि तो वांचला देणाराच्या वेळांतून.

यावर एक ठरीव उत्तर असें मिळतें कीं, यंत्र तटस्थ असतें, चांगलें-वाईट ठरतें तें वापरणारावर. हा सिद्धान्त ऐकावयास मोठा शहाणपणाचा वाटतो. तो तपासण्यासाठीं मी वाचकांस आमच्याच वाटेवरील एक उदाहरण देतों. या भागांत शेतीपंपास वीज पुष्कळदां रात्रीं मिळते. पूर्वी शेतकऱ्यास मध्यरात्रीं उठून, बॅटरी घेऊन, विंचूकाट्याची भीति बाळगीत विहिरीवर जावें लागे. आतां पंपाच्या पेटीस एक लहानसें यंत्र जोडतात. त्यांत मोबाईलचें सिमकार्ड असतें. घरांतून त्यास फोन लावला कीं मोटर सुरू होते व वीज गेल्याचेंही घरबसल्या कळतें. बेलवाडीच्या थांब्यावर एका शेतकऱ्यानें मला हें मोठ्या आनंदानें दाखविलें, आणि त्याच्या आनंदांत मीही मनापासून सहभागी झालों. येथें माणूस अंथरुणांत आहे आणि यंत्र त्याच्या हुकुमानें विहिरीवर राबतें आहे.

आतां माझी स्थिति पाहावी. मोबाईल तोच, सिमकार्ड तेंच. परंतु येथें फोन दुसरा कोणी लावतो आणि मोटरीच्या जागीं मी असतों. शेतकऱ्याच्या हातीं दोरीचें एक टोक आहे. माझ्या हातीं दुसरें. एकाच यंत्रानें एकास मालक केलें व दुसऱ्यास पंप केलें, आणि तरीही तें तटस्थ आहे असें म्हणावयाचें असेल तर तटस्थ या शब्दास कांहीं अर्थ उरत नाहीं. तेव्हां एखादें साधन चांगलें कीं वाईट, नवें कीं जुनें, स्वस्त कीं महाग, हे प्रश्न दुय्यम होत. बोलावणारा कोण आणि धांवणारा कोण, हा पहिला प्रश्न होय.

दुसरें उत्तर याहून सोपें असतें: “एवढा त्रास होतो तर बंद करून ठेवा!” हें उत्तर देणारे बहुधा निवृत्त झालेले असतात, किंवा इतक्या वरच्या जागीं असतात कीं त्यांना निरोप येत नाहींत, ते पाठवितात. माझ्यासारख्या कायम नोकरीच्या माणसास तें एक वेळ जमेल. परंतु आमच्याच गाडींत तासिका तत्त्वावर नेमलेलीं तरुण मंडळी असतात. त्यांना शिकविलेल्या तासापुरतें मानधन मिळतें आणि पुढच्या वर्षीं बोलावणें येईल कीं नाहीं हें कोणाच्या तरी मर्जीवर असतें. निरोप वाचला कीं पाठविणारास दोन निळ्या खुणा दिसतात. वाचून उत्तर दिलें नाहीं हेंही त्यास कळतें. अशा तरुणास “बंद करून ठेव” असें सांगणें म्हणजे त्याच्या भाकरीवर आपण शूर होणें होय. जो हक्क एकट्यानें वापरला असतां नोकरी जाण्याचा संभव असतो, तो हक्क एकट्याच्या धैर्यावर सोंपवितां येत नाहीं. तो सर्वांस मिळून मिळवावा लागतो.

“काळाबरोबर चाला” असा तिसरा उपदेश आहे. काळ आपोआप चालतो व माणसांनीं त्याच्यामागें जावें, अशी यामागील समजूत दिसते. आमच्या महाराष्ट्राचा इतिहास तसें सांगत नाहीं. देशासाठीं एक प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून ३९ मिनिटें मागें होती. या ३९ मिनिटांवरून मुंबईंत केवढा वाद माजला! गिरण्यांतील मजुरांनीं निषेध केला, आणि शहराच्या कांहीं व्यवहारांत मुंबईची वेळ १९५५ पर्यंत टिकून राहिली. त्या वादांत कोणाची बाजू बरोबर होती हा येथें प्रश्न नाहीं. प्रमाणवेळेवांचून आमची एस.टी.सुद्धां चालली नसती. सांगावयाचें तें इतकेंच कीं, त्या पिढीच्या लोकांनीं आपल्या घड्याळाचा कांटा कोणी सरकविला तर निदान “कां?” असें विचारलें. आम्हीं दिवसाचे दोन-दोन, तीन-तीन तास देऊन टाकले आणि त्यावर एक सभाही भरविली नाहीं.

त्याच मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून गिरणीकामगारांच्या सभा घेऊन आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुट्टी मान्य केली. आज जो रविवार आम्हीं पंचांगांतील तिथीसारखा निसर्गसिद्ध समजतों तो सहा वर्षांच्या भांडणाचें फळ आहे. त्या काळच्या गिरण्यांत राबणाऱ्या माणसाचें जिणें आमच्याहून शतपटीनें कठीण होतें, यांत संशय नाहीं. परंतु एक गोष्ट त्यास होती ती आम्हांस नाहीं. गिरणीचा भोंगा काम सुरू होतांना वाजे, तसा सुटतांनाही वाजे. आमच्या खिशांतल्या भोंग्यास सुटीचा सूर ठाऊकच नाहीं.

यंत्राबद्दल तक्रार करणारा अडाणी असतो, ही समजूत खोडून काढण्यासाठीं तर फार मागें जाण्याचेंही कारण नाहीं. ऑगस्ट २०२१ मध्यें महाराष्ट्रभर अंगणवाडी सेविकांनीं सरकारनें दिलेले मोबाईल परत केले. फोन तापत, बिघडत; त्यांची साठवण अपुरी पडे; आणि पोषणाची माहिती भरण्याचें जें ॲप त्यांच्यावर लादलें गेलें तें इंग्रजींत होतें. या बायकांनीं “यंत्र नको” असें म्हटलें नाहीं. चालणारा फोन द्या आणि आमच्या भाषेंत काम द्या, असें त्यांनीं म्हटलें. आम्हां पदवीधरांस जें धैर्य झालें नाहीं तें तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या या स्त्रियांनीं दाखविलें. साधन कोणत्या अटीवर स्वीकारावयाचें, हें साधन हातीं घेणारानें बोललें पाहिजे, हा धडा मीं त्यांच्याकडून घेतला आणि तो घेण्यांत मला मुळींच कमीपणा वाटत नाहीं.

आतां उपायाविषयीं. फ्रान्समध्यें १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याचा हक्क कायद्यांत आला. ऑस्ट्रेलियांत तो २६ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला. आपल्याकडे याविषयीं कोणी बोललेंच नाहीं असें नव्हे. ज्या लोकसभा मतदारसंघांत बारामती आणि इंदापूर हीं दोन्हीं येतात, तेथील खासदार सुप्रिया सुळे यांनीं २०१८ च्या डिसेंबरांत याच विषयावर लोकसभेंत खासगी विधेयक मांडलें व डिसेंबर २०२५ मध्यें पुन्हां मांडलें. कामाच्या वेळेनंतर आलेल्या फोनास वा निरोपास उत्तर न दिल्याबद्दल नोकरास शिक्षा होऊं नये, हें त्याचें सूत्र. वाचकांचें राजकीय मत कोणतेंही असो, हा विषय त्याच्या वरचा आहे. परंतु १९७० नंतर एकही खासगी विधेयक संसदेंत कायद्याच्या रूपास पोंचलेलें नाहीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे केवळ दिल्लीकडे डोळे लावून बसणें किती भोळेपणाचें आहे हें कळून येईल. आणि उद्यां कायदा झाला तरी तो मोठ्या कंपनींतील कायम नोकरापाशीं थांबूं नये. तासिकेवरचा शिक्षक, कंत्राटी सुपरवायझर, अंगणवाडी सेविका, ज्यांना “नाहीं” म्हणण्याची सोय सर्वांत कमी आहे, त्यांच्यापर्यंत तो गेला पाहिजे.

कायदा होईल तेव्हां होवो. प्रत्येक कार्यालयास, शाळेस, महाविद्यालयास आजच तीन गोष्टी करतां येतील, आणि त्यांस एक पैचाही खर्च नाहीं. पहिली, कामाचे निरोप कामाच्या वेळींच पाठवावे. रात्रीं सुचलेलें काम कागदावर टिपून ठेवावें, सकाळपर्यंत तें पळून जात नाहीं. दुसरी, माहिती मागणारानें ती पूर्वीं मागितली होती काय हें स्वतः पाहावें, आणि भरण्यास किती वेळ लागेल तो मागणीबरोबर लिहावा. तिसरी, जें काम प्रवासांत वा घरीं करवून घेतलें जातें तें काम म्हणून मोजावें. ज्यास हें मोजणें अवघड वाटेल त्यानें तें मागूं नये.

हें लिहीत असतां माझ्याही अंगावर एक शिंतोडा आहे, तो लपविणें बरें नव्हे. दोन वर्षांपूर्वीं विभागप्रमुख झाल्यावर एके रात्रीं साडेनऊच्या सुमारास मीं एका तरुण सहकारी बाईंना अभ्यासक्रमाचा आराखडा मागितला. मला सुचलें, हातांत फोन होता, पाठविलें. पावणेअकरास आराखडा आला, आणि खालीं “उशिराबद्दल क्षमस्व, सर” असें लिहिलेलें होतें. त्यांचें मूल त्या दिवशीं तापानें फणफणत होतें, हें मला दुसऱ्या दिवशीं गाडींत दुसऱ्याच कोणाकडून कळलें. मला तो आराखडा पुढच्या आठवड्यांत हवा होता. त्या दिवसापासून सायंकाळीं सहानंतर मी कोणासही कामाचा निरोप पाठवीत नाहीं. विभागाचें काम त्यामुळें कोठेंही अडलेलें नाहीं. आमच्या घराघरांतूनही हाच विचार झाला पाहिजे. मुलगा पुण्यास मोठ्या कंपनींत आहे, रात्रीं बारापर्यंत त्यास फोन येतात, असें आम्ही पाहुण्यांस कौतुकानें सांगतों. तें कौतुक आहे कीं तक्रार, हें एकदां त्या मुलास विचारून पाहावें.

शेवटीं ज्या प्रसंगानें हा लेख लिहविला तो सांगतों. गेल्या हिंवाळ्यांत संध्याकाळच्या गाडींत द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी माझ्या शेजारीं येऊन बसला. वर्गांत तो कधींही बोलत नाहीं. निमगांव केतकी मागें पडल्यावर बराच वेळ धीर करून तो म्हणाला, “सर, एक विचारायचं होतं.” त्याच वेळीं माझा मोबाईल वाजला, एक तक्ता सात वाजण्याच्या आंत हवा होता. मीं त्यास “पांच मिनिटें थांब” म्हटलें आणि तक्ता भरूं लागलों. मध्यें रेंज गेली, भरलेलें पुसलें गेलें, तें पुन्हां भरलें. मान वर केली तेव्हां शेजारची जागा रिकामी होती. लासुर्णें येऊन गेलें होतें आणि तो तेथें उतरला होता. पुढें मीं त्यास दोनदां विचारलें. “कांहीं नाहीं सर, सहज” असें म्हणून त्यानें विषय टाळला.

तो तक्ता त्या दिवशीं वेळेवर पोंचला. त्यानंतर तो कोणी उघडून पाहिल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. त्या मुलास काय विचारावयाचें होतें तें मला अद्याप कळलेलें नाहीं, आणि मला पगार मिळतो तो त्याच्यासारख्यांच्या प्रश्नांना उत्तरें देण्याचा.